फाटकापलीकडची झाडं

कार्तिक लागला की आमच्या गावात मारण्याचा आवाज सुरू होतो.

मला त्याला दुसरा शब्द सुचत नाही. खळ्यात लाकडी फळी आडवी टाकायची, वाळलेल्या भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यामागे न्यायची आणि जीव खाऊन फळीवर आपटायची. धप्. दाणे उडतात, पेंढी पुन्हा वर जाते. धप्. ही झोडणी. यंदा अर्ध्या गावाने भाड्याचं मशीन आणलं, पण माझी आई अजून हातानेच झोडते. "मशीन पेंढ्याचा भुगा करतंय. गुरांना काय भुगा चारू?" म्हणते. पेण-अलिबाग रस्त्यापासून आत आमचं गाव. सकाळी वारा पडलेला असला की झोडणीचा आवाज डोंगरावर आपटून परत येतो, म्हणजे एका पेंढीला दोन मार बसतात.

मी या दिवसांत अलिबागहून घरी येते. कापणीला उतरते, भारे वाहते, खळं सारवते. झोडणीला मात्र हात लावत नाही. मी पेंढा उचलून रचते आणि आवाजाकडे पाठ करून उभी राहते. पहिल्या वर्षी आईला वाटलं, पोरगी शिकली, अंग मोडायला नको झालं. मग तिने एकदा विचारलंच, "का गो, फळीजवळ आलीस की तुझं तोंड पांढरं का पडतं?" मी तिला उम्म नासिरची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून घेतल्यावर आईने एकच गोष्ट विचारली.

"मग तिचं पीक घरात आलं का?"

मी परिषदांमधून बोलले आहे, कॉलेजांतून बोलले आहे. लोक मला तिथल्या राजकारणाबद्दल विचारतात, तोडगा काय म्हणून विचारतात. पीक घरात आलं का, हे फक्त माझ्या आईने विचारलं.

*

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. एम.एस.डब्ल्यू. केलं, नुसतं पास नाही, पहिल्या वर्गात. हे मी सांगते, लाजत नाही. ज्या घरातल्या माणसांना एकेकाळी गावच्या पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, त्या घरातल्या मुलीने आपली पदवी हळू आवाजात का सांगावी? महाडचं तळं आमच्याच जिल्ह्यात आहे. कोणी कुठे पाय ठेवायचा आणि कोणी नाही, हे दुसऱ्याने ठरवायचं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

युद्धाच्या आदल्या वर्षी एका संस्थेमार्फत मी जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, हंगामापुरती पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकेत राहायला गेले. काम सोपं होतं. शेतकरी कुटुंबासोबत राहायचं, त्यांच्याबरोबर फळं तोडायची आणि डोळे उघडे ठेवायचे. परदेशी माणूस शेजारी उभा असला की मार थोडा कमी पडतो, असा तिथला अनुभव. म्हणजे मला नेलं होतं ते माझ्या पासपोर्टसाठी. बाबा म्हणाले, "तिकडं जाऊनपण शेतावरच राबणार? मग शिकवली कशाला तुला?" मी म्हटलं, "बाबा, विमानाने जाऊन राबणार." त्यावर ते हसले आणि गावभर सांगत सुटले.

तिथे जैतून उतरवतात ते दिवस आणि आमच्या भातकापणीचे दिवस एकच. मी गेले तेव्हा आमच्याकडे भात पिवळं पडलं होतं.

*

उम्म नासिर म्हणजे नासिरची आई. आपल्याकडेही बाईचं नाव पहिल्या मुलानंतर पुसलं जातं आणि ती अमक्याची आई होते. माझी आई सगळ्या गावाला 'सुजाताची आई' म्हणून ठाऊक आहे; सुजाता मी. त्यामुळे उम्म नासिरला तिचं खरं नाव मी विचारलंच नाही. विधवा बाई. गुडघे गेलेले, आवाज मात्र अख्ख्या आळीला पुरणारा. घराच्या गच्चीवरून तिला तिची झाडं दिसत. मधे कुंपण होतं. तारेचं, कॅमेऱ्यांचं, मधोमध इस्राएली लष्कराचा रस्ता असलेलं. घर कुंपणाच्या अलीकडे, झाडं पलीकडे. कुंपणाला एक पिवळं फाटक. ते हंगामात सकाळी थोडा वेळ उघडे आणि दुपार कलल्यावर थोडा वेळ. फाटकातून जायला तसरीह लागे. तसरीह म्हणजे परवाना. आपल्याच जमिनीत, आपणच लावलेल्या झाडापर्यंत चालत जाण्याचा परवाना.

त्या वर्षी तसरीह एकट्या उम्म नासिरला मिळाला. नासिरला नाही, सुनेला नाही. कारण? सुरक्षा. त्याच्या पुढे-मागे काही लिहिलेलं नसतं. शिडीवर चढू न शकणाऱ्या म्हातारीला झाडावर जायची मुभा, आणि चढू शकणाऱ्याला बंदी.

आधीचे हंगाम असेच हुकले होते. कधी तसरीह फळं गळून गेल्यावर आला, कधी आलाच नाही. आणि तिथला कायदा असा, की जमीन लागोपाठ काही वर्षं कसली नाही तर ती बेवारस ठरते आणि सरकार ती काढून घेऊ शकतं. म्हणजे आधी तुम्हाला जाऊ द्यायचं नाही आणि मग विचारायचं, तुम्ही आला का नाहीत? नासिरने मला इंग्रजीत स्वच्छ सांगितलं, "या वर्षी आई पलीकडे जाऊन काहीतरी तोडून आणू शकली नाही, तर झाडं गेली. माझ्या आजोबांनी लावलेली."

माझ्या आजोबांची जमीन कुळकायद्याने त्यांच्या नावावर झाली. कसेल त्याची जमीन. ती नावावर व्हायच्या आदल्या पावसाळ्यात खोताच्या माणसांनी त्यांना बांधावर गाठून नांगराच्या दांड्याने मारलं होतं. खांद्याचं हाड वाकडं जुळलं. लहानपणी मी त्या हाडावरून बोट फिरवायचे, ते हसून म्हणायचे, "ही आपली सही." उम्म नासिरच्या गच्चीवर बसून पलीकडची झाडं बघताना मला ते हाड आठवलं. आपल्याकडे कायद्याने कसणाऱ्याला जमीन दिली. तिथे त्याच तत्त्वाची सुरी करून कसणाऱ्याच्या मानेवर धरली होती.

*

नासिर गवंडी. त्याला शेतात जायचा परवाना नव्हता, पण इस्राएलात बांधकामावर जायचा होता. "त्यांच्या घराची भिंत बांधायला मी चालतो," तो म्हणायचा. "माझ्या झाडाला हात लावायला मी धोकादायक." हे सांगताना तो दरवेळी हसायचा, आणि दरवेळी त्याची बायको दुसरीकडे बघायची.

एकदा त्याच्याबरोबर मी हाजिजवर गेले. हाजिज म्हणजे लष्कराचा तपासणी नाका. पहाटे, अजून फटफटलं नव्हतं. लोखंडी गजांचा लांब पिंजरा, रुंदी एका माणसाची, आणि त्यात आजूबाजूच्या गावांतली कामकरी माणसं कोंबलेली. पुढे फिरतं लोखंडी दार. ते आतून कोणी बटण दाबलं की फिरतं, नाहीतर अडून राहतं. कोण दाबतो, ते दिसत नाही. फक्त कर्ण्यातून ओरडणं ऐकू येतं. दार अडलं की मागचे पुढच्यांवर दाबले जातात, कारण कामावर उशीर झाला तर मुकादम दुसरा माणूस घेतो. मी बाहेरून बघत होते. एक माणूस गजांवर चढून लोकांच्या डोक्यांवरून पुढे रांगत गेला. एकाचा गाल गजांना चिकटून असा चेपला होता की तोंड माशासारखं उघडं पडलं होतं, आणि तो त्याच तोंडाने माझ्याकडे बघून "सबाह अल-खैर" म्हणाला. शुभ सकाळ. मागून कोणीतरी विनोद केला आणि पिंजरा हसला. मग दार फिरलं, लाट आली, आणि हाड मोडल्याचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. कोणाची तरी बरगडी. त्या माणसाला मागे काढता येईना, कारण मागे जायला जागाच नव्हती. तो मोडलेल्या बरगडीने पुढे सरकत तपासणी पार करून गेला. बहुतेक कामावरही गेला असावा.

कागद अडणं मला नवीन नाही. जातीच्या दाखल्यासाठी मी आणि बाबांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. साहेब जेवायला गेलेत, शिक्का सापडत नाही, उद्या या. पण आपला कारकून डुलक्या घेत असतो. तो जागा झाला, चहा पाजला, की कागद हलतो. तिथला कारकून टक्क जागा होता. नासिर आईच्या जमिनीसाठी पुन्हा अर्ज करायला गेला, तेव्हा त्याला आतल्या खोलीत नेलं. एका अधिकाऱ्याने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि म्हणाला, "तू आम्हाला मदत कर, आम्ही तुला करू. गावात कोण काय बोलतं, एवढंच अधूनमधून सांगत जा." नासिरने कॉफी तशीच ठेवली. पुढच्या सकाळी हाजिजवर त्याचं कार्ड यंत्रात घातलं तर लाल दिवा लागला. बांधकामाचाही परवाना गेला होता. त्याने हुज्जत घातली म्हणून दोघा शिपायांनी त्याला पिंजऱ्याच्या बाजूला नेऊन गुडघ्यांनी मारलं. घरी आला तेव्हा ओठ फाटला होता आणि शर्टाला बूट पुसल्यासारखे डाग होते. उम्म नासिरने त्याला ओरडून ओरडून शिव्या दिल्या. मारणाऱ्यांना नाही, त्याला. शर्ट नवा होता म्हणून. मग तोच शर्ट धुवायला बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

उम्म नासिरला आणि मला एकमेकींची भाषा येत नव्हती. पण काही शब्द जुळत. हुकूम. वकील. हक्क. जुलूम. खराब. मना. जुळले ते सगळे कचेरीतले. आमच्या पूर्वजांनी एकमेकांना भाकरीचे शब्द दिले नाहीत, खटल्याचे दिले.

*

तसरीहच्या पहिल्या दिवशी आम्ही दोघीच फाटकाशी उभ्या होतो. तिच्याकडे बादल्या, ताडपत्री आणि भाकरी. माझ्या खांद्यावर शिडी. फाटकावरच्या शिपायांत एक सावळा पोरगा होता. विशी ओलांडलेला असेल-नसेल. परदेशी माणसाला तिथे पासपोर्टवर सोडत; माझा पासपोर्ट बघून त्याचा चेहरा उजळला.

"इंडिया! गोवा?"

तिथले बरेच शिपाई नोकरी संपली की गोव्याला जातात. मी म्हटलं, "गोवा नाही. महाराष्ट्र. अलिबाग."

तो थबकला. बंदूक पाठीवर सारली आणि जपून, काचेचं भांडं उचलावं तसं म्हणाला, "कशी आहेस? जेवलीस?"

मराठीत. माझ्या खांद्यावरून शिडी पडायची राहिली. त्याची आजी आमच्या किनाऱ्यावरच्या गावची, रेवदंड्याकडची. त्याने हाताने गोल फिरवून दाखवलं. घाणा. तेलाचा घाणा.

आमच्याकडे किनाऱ्याच्या गावांतून बेने इस्रायली ज्यू राहायचे. तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझी आजी त्यांच्याकडून तेल आणायची. ती सांगायची, बाकीची दुकानं आम्हाला लांबून, वरून ओतून द्यायची. त्या तेलिणीने बुधला माझ्या हातातून घेतला आणि भरून हातातच परत दिला. पुढे ती माणसं आपल्या नव्या देशाला निघून गेली. आजी मरेपर्यंत त्या तेलिणीची आठवण काढायची. म्हणायची, "हातात दिलंन गो बाय. हातात."

आणि आता त्या किनाऱ्याचा नातू जैतुनाच्या रानाला कुलूप घालून उभा होता.

उम्म नासिरने मला कोपराने ढोसलं. काय म्हणतो? मी खुणांनी, जुळत्या-न जुळत्या शब्दांनी समजावलं. ह्याची आजी माझ्या मुलखातली. तेल काढायची. उम्म नासिरने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अरबीत काहीतरी म्हणाली, ज्यावर दुसरा शिपाई, ज्याला अरबी कळत होती, फस्सकन हसला. संध्याकाळी नासिरने अर्थ सांगितला. "आई म्हणाली, त्याला सांग, आजीला फोन लाव आणि विचार, तेल झाडाचं असतं की फाटकाचं."

पोरगाही हसला होता, न कळता. त्याने फाटक उघडलं. मला म्हणाला, "चल, चल." आणि त्याच सहज हाताने उम्म नासिरची भाकरीची पिशवी उलटी करून रस्त्यावर रिकामी केली. तपासायला. ती वाकून भाकऱ्या झटकत गोळा करत असताना मला विचारत होता, अलिबागला अजून समुद्रावर घोडागाडी असते का.

*

झाडाखाली ताडपत्री पसरली आणि मी माझ्या गावाला शोभेल अशी चूक केली. एक दांडका शोधला आणि फांदी झोडायला सुरुवात केली. पीक झोडूनच काढतात, एवढं मला जन्मापासून ठाऊक. फळं बदाबदा पडली. मी खूश. पाठीत एवढ्या जोरात धपाटा बसला की मी ताडपत्रीवर बसले.

"मना! मना!" उम्म नासिर लालबुंद झाली होती. तिने मला फांदीचं टोक ओढून दाखवलं. मोडलेलं, पांढरं, ओलं. पुढच्या वर्षीचं फळ त्या कोवळ्या टोकाला धरतं. झोडलेलं झाड पुढच्या वर्षी रुसतं. मग तिने फांदी हातात घेतली, आणि गाईच्या सडावरून बोटं खाली यावीत तशी बोटं ओढली. फळं टपटप ओंजळीत आली. एक पान पडलं नाही. "अशी," म्हणाली असणार.

मग मी शिडीवर आणि ती खाली, असं आमचं चाललं. हात तेलकट होत. ती गायची, बेसूर. मध्येच थांबून झाडाला काही बोलायची, बहुधा तक्रार, इतकी वर्षं कुठे होतीस असं झाड विचारतंय आणि ती माझी चूक नाही असं सांगतेय, असा सूर. मला आमच्या शेतातल्या बांधावर बसून भाकरी खाणारी आई आठवायची. पलीकडच्या टेकडीवर इस्राएली वसाहतीची लाल कौलं दिसत. नव्या घरांची रांग. नासिर म्हणायचा, त्यातल्या काहींना माझा हात लागलाय.

*

त्याच दुपारी ते आले तेव्हा आम्ही भाकरी खात होतो.

वसाहतीतले लोक, टेकडीवरून उतरले. तोंडाला फडकी, हातात सोटे, एकाकडे झाडं कापायची यंत्रकरवत. मी संस्थेने शिकवलं होतं तसं उठून, हात वर करून, इंग्रजीत सांगायला लागले, आमच्याकडे परवानगी आहे, मी भारतीय नागरिक आहे. पहिला सोटा माझ्या पाठीवर बसला. दुखलं नाही आधी. फक्त आवाज आला. धप्. आणि त्या क्षणी, खोटं वाटेल, मला आमचं खळं दिसलं.

मग त्यांनी उम्म नासिरला धरलं. ती पळू शकत नव्हती. पळायचा तिचा विचारही नव्हता. तोडलेली फळं ताडपत्रीवर होती. ते ताडपत्री ओढायला लागले, तर ती तिच्यावर आडवी पडली, कोंबडीने पिलांवर पंख पसरावेत तशी, आणि ते तिला मारत राहिले. दोघं जण, आळीपाळीने, दोन्ही हातांनी सोटा डोक्यामागे नेत. त्यांच्या कामाला लय होती. हेच मला अजून सोडत नाही. राग नव्हता त्यात, लय होती. एक वर, एक खाली. तिने डोकं वाचवायला हात वर केला आणि हात मधूनच वाकला, जिथे माणसाचा हात वाकत नाही तिथे. पलीकडे करवत सुरू झाली. झाड पडताना आधी थरथरतं, मग एकदम बसतं.

मी फाटकाकडे धावले. तो तिथेच होता, तारेपलीकडे, सगळं दिसेल असा. दुसरे दोघेही. हात बंदुकीवर, पाय जमिनीत. मी इंग्रजी विसरले. मराठीतच ओरडले, "अरे थांबव ना त्यांना! मारून टाकतील तिला! थांबव!"

त्याचे ओठ हलत होते. त्याला बघायचं नव्हतं आणि तो बघत होता. मी तारेला दोन्ही हात घातले, रक्त आलं. "तुझ्या आजीच्या गळ्याची शपथ, थांबव रे!"

तो म्हणाला, "घरी जा."

हळू आवाजात, चुकीच्या जागी जोर देऊन. त्याला येणाऱ्या चार-दोन मराठी वाक्यांतलं हे एक. त्याच्या आजीने त्याला 'घरी ये' म्हणून कितीदा बोलावलं असेल, खेळातून, उन्हातून. त्याने ते उलटं करून मला दिलं. "घरी जा. घरी जा." मग त्याच्या मागच्या शिपायाने अश्रुधुराची नळकांडी सोडली. ती मारणाऱ्यांकडे गेली नाही. ती आमच्याकडे आली.

माझ्या भाषेत मला कोणी इतकं मारलेलं नाही.

*

धूर विरला तेव्हा ते टेकडी चढत होते. फळांच्या बादल्या त्यांनी नेल्या होत्या, शिडी मोडली होती, काही झाडं आडवी होती. काही उभी होती. उम्म नासिर ताडपत्रीवर पालथी. मी तिला उलटं केलं. कपाळ फुटून रक्त पापणीत साचलेलं, आणि पोटाखाली, तिच्या झग्याला चिकटलेली, चेंदलेली, काही अख्खी अशी जैतुनं. तिने चांगल्या हाताने ती गोळा करायला सुरुवात केली. मी म्हटलं, सोडा आता, दवाखाना. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मीही गोळा करायला लागले. भाकरीच्या पिशवीत भरली. भाकरीपेक्षा थोडी जास्त भरतील एवढी.

दुपारचं फाटक उघडलं. ती माझ्या खांद्यावर रेलून आली, मोडका हात ओढणीत बांधलेला. तो पोरगा बाजूला बघत होता. ती त्याच्यासमोर थांबली. पिशवी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. मग मान वर करून कॅमेऱ्याला दाखवली, सावकाश, बाजारात माल दाखवावा तशी. बघ. मी आले होते. मी जमीन कसली. लिहून घे.

दवाखान्यात जातानाही हाजिज होतंच. रुग्णवाहिका तिथे थांबली आणि थांबूनच राहिली. हात नीट जुळला नाही. माझ्या आजोबांच्या खांद्यासारखाच वाकडा जुळला. मी निघाले त्या दिवशी मी तिला सावड समजावून सांगितली. आमच्याकडे आज मी तुझ्या शेतात राबते, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, हिशेब नाही, पण दिवसाला दिवस फेडावाच लागतो, आणि स्वतः येऊन. ती आनंदाने ओरडली. त्यांच्यातही अगदी हेच आहे. "मग मी येणार," तिने नासिरकडून मला सांगितलं. "तुझ्या आईला सांग, मी तिची देणेकरीण."

म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर हे. पीक घरात आलं. पिशवीभर. त्या हंगामापुरती झाडं वाचली.

*

पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं आणि ते फाटक बंद झालं ते अजून उघडलेलं नाही. तसरीह रद्द. नासिरला काम नाही. हाजिजवरचा पिंजराही आता रिकामा असतो म्हणे. आम्ही चेंगरायला तरी जात होतो, असं तो एकदा म्हणाला.

आज सकाळी खळ्यात त्याचा निरोप आला, आवाजी. हंगाम लागल्यापासून त्याची आई रोज सकाळी बादली घेऊन फाटकाशी जाते. बंद फाटकाशी. सगळे सांगतात जाऊ नकोस, गोळी घालतील. ती तिथे उकिडवी बसते, कॅमेऱ्यात येईल अशी, फाटक उघडायची जुनी वेळ टळेपर्यंत. कोणी म्हणू नये की ती आली नाही. गच्चीवरून अजून उभी असलेली झाडं दिसतात. फळांनी काळी झालीत. गळतायत.

मी हे आईला सांगितलं. आई पेंढी हातात घेऊन उभी होती.

"अजून जाते?"

"रोज."

"हात बरा हाय का तिचा?"

"वाकडाच आहे."

आईने पेंढी काखेत मारली. मग म्हणाली, "तिला सांग, आमच्याकडचा एक दिवस फेडायचा राहिलाय तिचा. सावड फेडल्याबिगर मरायचं न्हाय. आमच्यात चालत न्हाय तसं."

मी जसंच्या तसं पाठवलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. या वेळी उम्म नासिरचा स्वतःचा आवाज, मागे वारा, आणि वाऱ्यात कर्ण्यावरून कोणीतरी ओरडत होतं. ती फाटकाशीच होती. काहीतरी विचारत होती, खालच्या पट्टीत, अगदी मनापासून. नासिरने तिच्यानंतर इंग्रजीत सांगितलं. "आई विचारते, तुमच्या शेतात यायला तसरीह कोण देतं? अर्ज कुठे करायचा?"

ती थट्टा करत नव्हती.

"काय म्हनते?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिने पेंढी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला. जिला तिच्या भाषेतला एक शब्द कळत नाही त्या बाईला, फोन तोंडाशी धरून, समुद्रापलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्याने तिने सांगितलं,

"कुनी न्हाय देत, गो बाय! बांध उतरायचा नि यायचं! विळा हितला देते मी!"

फोन माझ्या हातात परत दिला. पेंढी उचलली. फळीपर्यंत नेली, आणि माझ्याकडे बघून, न आपटता, तशीच खाली ठेवली. मग फळीशेजारी बसकण मारली आणि बोटांनी लोंब्या ओढायला लागली. एक-एक करून. ओंजळीत.

मीही बसले.